‘महत्त्वाच्या व्यक्तींशी खोटे बोललात का?’ : जुगाराच्या चाळणी प्रश्नावलीविषयी खुले पत्र

प्रति,
राज्यातील व्यसनमुक्ती केंद्रांचे संचालक, विद्यापीठांतील मानसशास्त्र विभागांचे प्रमुख आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणारे सहकारी यांस

विषय : जुगाराच्या व्यसनाची चाळणी प्रश्नावली मराठीत आणताना स्पॅनिश भाषकांसाठी झालेल्या कामाकडे पाहण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एका शिबिरात माझ्यासमोर एक रिक्षाचालक बसले होते. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.) माझ्या हातात आयोजकांनी दिलेली, झेरॉक्सवर झेरॉक्स होत आलेली मराठी प्रश्नावली होती आणि तिच्यातला पहिला प्रश्न असा होता : ‘जुगारावर किती पैसे खर्च करता याबाबत, आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या व्यक्तींशी आपणास कधी खोटे बोलावे लागले आहे काय?’ त्यांनी प्रश्न दोनदा वाचायला लावला, थोडा विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘नाही मॅडम. मोठ्या लोकांशी आपला संबंध येतोच कुठे? एकदा नगरसेवकांकडे दाखल्यासाठी गेलो होतो, पण तिथं खोटं काही बोललो नाही.’’ मी ‘नाही’समोर खूण केली. बाहेरच्या बाकावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. आपल्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत असे त्यांना दीड वर्ष सांगितले जात होते आणि त्याच आठवड्यात शर्टाच्या खिशात त्यांना गहाणाची पावती सापडली होती.

हा प्रश्न ज्या इंग्रजी चाळणीतून (म्हणजे व्यसनाची शक्यता असलेली माणसे पटकन वेगळी काढणाऱ्या प्रश्नावलीतून) आला आहे ती १९९७ सालची, अवघ्या दोन प्रश्नांची आहे. जुगाराबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का आणि अधिकाधिक पैसे लावावेसे वाटले का, एवढेच ती विचारते. दोहोंपैकी एकाला जरी ‘हो’ आले तरी पुढची सविस्तर तपासणी करायची, असा तिचा साधा नियम आहे. म्हणजे माझी ती एक खूण चुकली तेव्हा अर्धी चाळणीच फाटली. आणि गंमत अशी की त्या मराठी वाक्यात शब्दाची एकही चूक काढता येत नाही. ते दुसऱ्या अनुवादकाकडे देऊन पुन्हा इंग्रजीत करून घेतले असते, तर मुळाशी तंतोतंत जुळले असते. उलट भाषांतराची ही पद्धत १९७० साली रिचर्ड ब्रिस्लिन यांनी केलेल्या मांडणीनंतर जगभर रूढ झाली आणि आपल्याकडच्या प्रबंधांतही ‘उलट भाषांतर करून घेतले आहे’ हे एक वाक्य लिहिले की परीक्षकांचे समाधान होते. पण ‘महत्त्वाच्या व्यक्ती’ म्हणजे मराठी माणसाच्या कानात कोण, हे उलट भाषांतरातून कळत नाही, कारण दोन्ही अनुवादक इंग्रजी जाणणारे असतात आणि मूळ वाक्य न पाहताही दुसरा अनुवादक त्यामागचा इंग्रजी वाक्प्रयोग सहज ओळखतो. या पत्रात मला मुख्यतः एवढेच मांडायचे आहे की अशी प्रश्नावली इंग्रजीतून आणायची नसते, ती मराठीत नव्याने घडवायची असते. आणि हे मला मराठीने नव्हे तर स्पॅनिशने शिकवले.

मी अकरा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एका रुग्णालयात दुभाषी म्हणून काम केले. माझे काम मराठी, हिंदी आणि थोड्याफार गुजराती रुग्णांचे. परंतु पुण्यात असताना हौसेने स्पॅनिश शिकले होते आणि आमच्या दुभाष्यांच्या खोलीत बहुसंख्य मंडळी स्पॅनिशचीच होती. अटलांटिक सिटीतला पहिला कॅसिनो १९७८ साली उघडला, तेव्हापासून त्या राज्याला जुगाराचे प्रश्न नवे नाहीत; २०१८च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला राज्यांमध्ये वाट मोकळी करून दिली आणि मग फोनवरून पैसे लावणारे तरुण रुग्ण येऊ लागले. त्या सुमारास रुग्णालयात वापरायच्या चाळणी प्रश्नांची स्पॅनिश शब्दयोजना तपासायला आमच्यापैकी काहींना बसवले. मी त्यात जवळजवळ प्रेक्षक म्हणूनच होते. पहिल्या दोन दुपारी तर आम्ही पहिल्या प्रश्नाच्या पुढे गेलोच नाही.

अडले ते एका क्रियापदावर. स्पॅनिशमध्ये ‘हुगार’ म्हणजे खेळणे, आणि जुगार खेळणे यालाही ‘हुगार’च. मूल अंगणात खेळते तेही हुगार, बाप मशीनवर पगार घालवतो तेही हुगार. (जुगार आणि हुगार यांच्या उच्चारातले साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, पण मला ते कधी विसरता आले नाही.) स्पेनमध्ये आजाराला ‘लुदोपातीआ’ असा भारदस्त शब्द सर्रास वापरला जातो, तो आमच्या पुएब्लाहून आलेल्या मेक्सिकन सहकाऱ्याच्या आईला माहीतही नव्हता. ‘पैसे लावून खेळणे’ असे म्हणावे, तर लॉटरीचे तिकीट घेणारा म्हणतो, मी तिकीट विकत घेतो, लावत काही नाही. स्पेनमध्ये दर २२ डिसेंबरला नाताळची सोडत होते, १८१२ साली कादिस शहरात तिची सुरुवात झाली; कचेरीतले सगळे मिळून तिकिटाचे दशांश वाटून घेतात, शाळकरी मुले क्रमांक गाऊन सांगतात, आणि या सगळ्याला जुगार म्हटलेले तिथल्या कित्येकांना रुचणार नाही. तेव्हा ‘तुम्ही जुगार खेळता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत असतो असे नाही. त्याच्या भाषेत ते खरेच असते.

आता हे मराठीत आणून पाहा. आपल्याकडे पत्ते खेळतात किंवा कुटतात, रमी खेळतात, क्लबात ‘बसतात’, पण मटका खेळण्यापेक्षा आकडा ‘लावतात’. क्रिकेटवर सट्टा लावतात, ॲपवर टीम ‘बनवतात’, शेअर बाजारात ऑप्शन ‘घेतात’ नाहीतर ‘ट्रेड करतात’. गणपतीच्या जागरणाला रात्रभर पैसे लावून पत्ते चालतात त्याला आपण जुगार म्हणत नाही, टाइमपास म्हणतो. ‘जुगार’ हा शब्द मराठी कानाला पोलिसांच्या धाडीच्या बातमीतला वाटतो. तो प्रश्नाच्या सुरुवातीलाच आला की समोरचा माणूस खुर्चीत मागे सरकतो. हे मी शंभरदा पाहिले आहे. म्हणून एकच सर्वसमावेशक क्रियापद शोधत बसण्यापेक्षा आधी प्रकारांची यादी वाचावी आणि प्रत्येक प्रकाराला त्याचे स्वतःचे क्रियापद द्यावे, असे माझे मत झाले आहे. मूळ इंग्रजी प्रश्नावल्यांतही यादीची ही युक्ती आहेच. न्यूयॉर्कजवळच्या साउथ ओक्स रुग्णालयात हेन्री लेसियर आणि शीला ब्लूम यांनी १९८७ साली जी वीस गुणांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्या आरंभी पत्ते, घोडे, फासे, लॉटरी, बिंगो अशी यादी येते आणि तीत शेअर व वायदे बाजारही आहे. जवळपास चाळीस वर्षांपूर्वी त्या दोघांना जे सुचले होते ते आपण आज टाळू नये. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले. त्यातले सगळे व्यसनी नाहीत हे उघड आहे. पण जे आहेत त्यांना आपल्या यादीत आपले नाव सापडले पाहिजे.

यादी करायची म्हटली की पुढचा प्रश्न येतो, कोणाची यादी? न्यू जर्सीच्या त्या खोलीत ‘किनिएला’ या एका शब्दावरून चांगलीच जुंपली. स्पेनमध्ये किनिएला म्हणजे फुटबॉल सामन्यांच्या निकालांचे कूपन भरणे. अर्जेंटिनात किनिएला म्हणजे आकड्यांचा खेळ, आपल्या मटक्याचा सख्खा भाऊ. स्वप्नात काय दिसले त्यावरून आकडा काढण्याची रीतही तिथे आहे. क्यूबा आणि पोर्तो रिको इथल्या लोकांचा आकड्यांचा बेकायदा खेळ ‘बोलिता’. नाण्यांच्या मशीनला स्पेनमध्ये ‘त्रागापेर्रास’ म्हणतात. पेर्रा म्हणजे कुत्री, आणि जुन्या तांब्याच्या नाण्यावरचा सिंह लोकांना कुत्र्यासारखा दिसे म्हणून नाण्याचेच ते नाव पडले, तेव्हा शब्दशः ती ‘कुत्री गिळणारी’. लॅटिन अमेरिकेत तीच ‘त्रागामोनेदास’ आणि मेक्सिकन बोलण्यात नुसती ‘माकिनीतास’. माद्रिदमध्ये उत्तम चाललेली प्रश्नावली न्यू जर्सीतल्या युनियन सिटीतल्या क्यूबन आजोबांपुढे ठेवली, तर भाषा स्पॅनिशच, पण निम्मे शब्द परके.

आपल्याला वाटते, मराठीचे तसे नाही. पण पुण्यात सट्टा म्हटले की क्रिकेट नाहीतर बाजार डोळ्यांसमोर येतो आणि विदर्भात ‘सट्टापट्टी’ म्हणजे थेट आकड्यांचा खेळ. मुंबईत मटका साठच्या दशकात रुजला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर. कापूस केव्हाच गेला, पण ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आजही गावागावांत राहिले आहेत. ‘जोडी’, ‘पाना’, ‘संगम’ हे शब्द ज्याला कळत नाहीत त्या समुपदेशकाने प्रश्न विचारला, की रुग्ण त्याला लहान मुलासारखे सांभाळून घेतो आणि मोघम उत्तर देतो. गोव्यात तर मांडवीतल्या कॅसिनोच्या नौका आहेत, जिथे २०२० पासून गोवेकरांना खेळायला जायला बंदी आहे; तेव्हा तिथला स्थानिक रुग्ण ‘कॅसिनो’ला नाही म्हणेल आणि आकड्याबद्दल विचारले तरच बोलेल, तेही बहुधा कोकणीत. गोव्यासाठी मराठी प्रश्नावली जशीच्या तशी पाठवू नये, ही माझी गोव्यातल्या सहकाऱ्यांच्या वतीने आगाऊ विनंती.

यापेक्षा महत्त्वाची जागा मला उसनवारीच्या प्रश्नांची वाटते आणि तिथे थोडे थांबते. साउथ ओक्सच्या वीस गुणांपैकी नऊ गुण केवळ पैसे कुठून आणले याला आहेत : घरखर्चातून, जोडीदाराकडून, नातेवाइकांकडून, बँकेकडून, क्रेडिट कार्डावरून, सावकाराकडून, शेअर विकून, घरातली वस्तू विकून, न वटणारे धनादेश देऊन. ही यादी म्हणजे १९८७ सालच्या अमेरिकी मध्यमवर्गाचे पाकीट आहे. न वटणाऱ्या धनादेशाचा प्रश्न ज्याच्याकडे चेकबुकच नाही त्याला विचारला, तर तो एका गुणाला आपोआप मुकतो. असे दोन-तीन गुण गेले की गंभीर आजारी माणूस गुणांच्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतो. आमच्या मेक्सिकन सहकाऱ्याने तेव्हा एक शब्द सुचवला, ‘तांदा’. दहा-बारा जणांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. मी ताडकन म्हणाले, अरे, ही तर भिशी! तांदा लवकर उचलून ती रक्कम मशीनमध्ये घालवणे आणि मग उरलेले हप्ते चुकवत फिरणे, ही गोष्ट तिथे प्रत्येकाने पाहिली होती, पण इंग्रजी यादीत तिला जागाच नव्हती.

मराठी यादीत काय असावे हे मी टेबलावर बसून ठरवू शकत नाही, पण माझ्या वहीत रुग्णांच्या आणि अधिक करून त्यांच्या घरच्यांच्या तोंडून आलेले असे आहे : बायकोचे दागिने गहाण, तेही तिला न सांगता, भिशी उचलणे, पतसंस्थेतून जामीनदार देऊन काढलेले कर्ज आणि मग त्या जामीनदाराला तोंड चुकवणे, बायकोच्या नावावर बचत गटातून उचल, मोबाईलवरच्या कर्ज ॲपमधून तीन-तीन हजार, मालकाकडून ‘ॲडव्हान्स’, पिकाच्या पट्टीचे पैसे घरी न येणे, किराणा दुकानात उधारी वाढणे, मुलाच्या फीचे पैसे ‘फिरवणे’. ‘फिरवणे’ हा शब्द लक्षात ठेवा. ‘पैसे उसने घेतलेत का?’ असे विचारले तर कित्येक जण नाही म्हणतात. ‘पैसे इकडून तिकडे फिरवावे लागतात का?’ म्हटले की मान हलते. गेलेले पैसे परत मिळवण्याच्या धडपडीबद्दलही असेच आहे. इंग्रजीत त्याला पाठलाग म्हणतात. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीच्या स्पॅनिश अनुवादात तोट्याची ‘शिकार’ करणे असे काहीसे शब्दशः आलेले क्रियापद आहे आणि ते वाचून आमच्या खोलीत हशा पिकला होता. मराठीत तोट्याचा पाठलाग कोणी करत नाही. माणूस म्हणतो, ‘‘गेलेले काढतो आणि उठतो’’, किंवा तरुण असला तर ‘‘लॉस कव्हर करायला बसलो’’. हे वाक्य प्रश्नातच घातले, तर उत्तर मिळते.

काही शब्द तर भीतीच घेऊन येतात. अपराधी वाटण्याचा प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांत असतो. स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘कुल्पाब्ले’ येतो, आणि न्यायालयात दोषी ठरलेल्यालाही हाच शब्द. ज्याची कागदपत्रे अपुरी आहेत असा माणूस रुग्णालयाच्या कागदावर ‘मला कुल्पाब्ले वाटते’ असे का म्हणेल? मराठीतल्या ‘अपराधी’चेही तेच. ‘मनाला लागून राहते का’, ‘घरी येताना चुटपुट वाटते का’ असे विचारले तर भाव तोच, आणि न्यायाधीश मध्ये येत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तीन प्रश्नांच्या छोट्या चाळणीत शेवटचा प्रश्न असा आहे, की जुगारामुळे घरखर्चासाठी कुटुंबाची, मित्रांची किंवा सरकारी मदतीची गरज पडली का. अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या स्थलांतरितांना कायम वास्तव्याचा परवाना नाकारण्याची तरतूद २०१९ साली कडक करण्यात आली आणि २०२१ मध्ये ती मागे घेतली गेली. पण त्या दोन वर्षांत जी भीती बसली ती नियमाबरोबर गेली नाही. त्या एका शब्दासाठी लोक तिन्ही गोष्टींना ‘नाही’ म्हणत. आपल्याकडे उलट घडेल : रेशन ही इतकी सरसकट गोष्ट आहे, की ‘सरकारी मदत घेता का’ म्हटले की जुगाराशी काही संबंध नसताना ‘हो’ येईल. एकच प्रश्न एका समाजात आजार झाकतो आणि दुसऱ्यात नसलेला दाखवतो. म्हणून तिथे ‘जुगारामुळे’ हा भाग वाक्याच्या शेवटी पुन्हा एकदा म्हणावा, कानाला थोडे खटकले तरी चालेल.

भीतीचा विषय निघालाच आहे तर कायद्याबद्दल. आपल्या राज्यात १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही शिक्षेस पात्र ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्यात पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवणारे, त्यांची जाहिरात करणारे आणि त्यांचे व्यवहार हाताळणारे यांना शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. हा फरक रुग्णाला माहीत नसतो, त्याला एवढेच कळते की ‘आता बंदी आली’. त्यामुळे प्रश्नावलीच्या आधी, मोठ्या अक्षरांत आणि तोंडीही, ही उत्तरे कोण वाचणार आणि कोण वाचणार नाही हे सांगितले नाही, तर पुढचे सगळे शब्द कितीही नेमके असले तरी व्यर्थ.

उत्तरांच्या पायऱ्यांकडेही पाहावे लागेल. कॅनडात २००१ साली तयार झालेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली आज बरीच वापरली जाते. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’, ‘बहुतेक वेळा’ आणि ‘जवळजवळ नेहमी’ अशी चार उत्तरे आणि शून्य ते तीन गुण आहेत. कागदावर हे ठीक दिसते. बोलताना मात्र ‘बहुतेक वेळा’ आणि ‘जवळजवळ नेहमी’ यांत फरक करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शिवाय बोली मराठीत ‘बहुतेक’चा अर्थ पुष्कळदा ‘कदाचित’ असा होतो. ‘दहा वेळा बसलात तर त्यातल्या किती वेळा?’ असे विचारून मग चार कप्प्यांत टाकणे मला अधिक बरे वाटते. ‘गेल्या बारा महिन्यांत’ याऐवजी ‘गेल्या दिवाळीपासून’ किंवा ज्या महिन्यात विचारतो आहोत त्याच्या जवळचा सण. स्पॅनिश मजकुरात अस्वस्थ असणे पुल्लिंगी विशेषणाने लिहिले होते आणि स्त्री रुग्ण तिथे अडखळत. ‘इन्किएतो’च्या पुढे तिरकी रेघ मारून ‘आ’ जोडावा लागला. आपल्याकडे ‘चिडचिडे झालात का’ऐवजी ‘चिडचिड होते का’ म्हटले की तो प्रश्न मिटतो. आणि कृपा करून ‘आपण’ नको. शासकीय अर्जात ते शोभते, पण समुपदेशकाने ‘आपण कधी खोटे बोललो आहोत का’ म्हटल्यासारखे ते ऐकू येते, आणि एका आजोबांनी मला हसून विचारलेही होते, ‘‘तुम्हीपण?’’

राहिला उंबरठा, म्हणजे किती गुणांना व्यसनाची शक्यता धरायची तो आकडा. साउथ ओक्समध्ये तो पाच आहे, कॅनडाच्या प्रश्नावलीत आठ. हे आकडे वाक्यांबरोबर भाषांतरित होत नाहीत. खुद्द अमेरिकी निदानपुस्तिकेत आधी दहापैकी पाच निकष लागत, २०१३ पासून नऊपैकी चार लागतात. पैशासाठी गुन्हा करण्याचा निकष वगळला गेला. त्याच भाषेत, त्याच देशात उंबरठा हलतो, तर भाषा आणि देश दोन्ही बदलल्यावर तो जागचा हलणार नाही असे धरून चालणे हा निव्वळ आळस आहे. स्पेनमध्ये बास्क प्रांताच्या विद्यापीठातले एन्रिके एचेबुरुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउथ ओक्सचे स्पॅनिश रूप स्वतःकडच्या लोकांवर पडताळून १९९४ साली प्रसिद्ध केले. तो काळ बारमधल्या नाण्यांच्या मशीनचा होता. २०११ च्या कायद्यानंतर जुगार फोनवर आला आणि २०१८ मध्ये कॅनडाच्या प्रश्नावलीची स्पॅनिश पडताळणी झाली ती खेळांवर सट्टा लावणाऱ्यांवर. म्हणजे एकदा केलेले काम त्यांनी पुरे मानले नाही, आणि ज्या माणसांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांच्याकडेच ते परत गेले.

माझे मागणे यातूनच येते आणि ते फार खर्चाचे नाही. जे कोणी हे काम हाती घेतील त्यांनी पहिले तीन-चार महिने वाक्ये लिहूच नयेत. मुंबई, विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि कोकणातल्या केंद्रांतून रुग्ण आणि त्यांच्या घरच्या माणसांची वाक्ये नुसती गोळा करावीत, जशीच्या तशी, प्रमाण मराठी न करता. मग मसुदा तयार झाल्यावर प्रत्येक प्रश्नापाशी रुग्णाला ‘उत्तर द्या’ म्हणण्याआधी ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणावे. माझ्या रिक्षाचालकांना असे विचारले असते, तर नगरसेवक पहिल्याच मिनिटाला बाहेर पडला असता. त्यानंतर निदान करणाऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे घेतलेल्या मुलाखतीशी गुण ताडून उंबरठा आपला आपण ठरवावा. आणि तयार झालेले रूप कोणत्याही एका विभागाच्या कपाटात न ठेवता, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलणाऱ्या समुपदेशकांपासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत सर्वांना विनाशुल्क द्यावे. नाहीतर झेरॉक्सची झेरॉक्स फिरत राहील आणि त्यात एखादी ओळ गळाली तरी कोणाला कळणार नाही.

तोवर मी स्वतः त्या दोन प्रश्नांच्या चाळणीच्या जागी जे विचारते ते खाली देते. ही पडताळलेली प्रश्नावली नाही, कोणी तशी वापरू नये. मसुदा म्हणून तिच्यातल्या चुका काढाव्यात एवढ्यासाठीच ती आहे.

‘आकडा, पत्ते, रमी, क्रिकेटवरचे पैसे, लॉटरी, फोनवरचे पैशांचे खेळ, शेअरचे ऑप्शन यांतले काही तुम्ही करता ना; त्यात किती गेले हे घरी कमी करून सांगावे लागले, किंवा लपवावे लागले, असे गेल्या दिवाळीपासून झाले का?’

‘आधी जेवढ्यावर भागायचे तेवढ्यावर आता मजा येत नाही, जास्त लावावेसे वाटते, असे होते का?’

पहिल्या प्रश्नातला ‘ना’ उत्तर सुचवतो आहे, हे मला दिसते. तो काढला की रुग्ण ‘मी नाही करत’ म्हणून उठतो, ठेवला की मीच त्याच्या तोंडी शब्द घालते. दुसऱ्यातला ‘मजा’ शब्द नागपूरच्या एका सहकाऱ्याला अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते आकडा लावणारा मजेसाठी लावतच नाही. त्यांचे बरोबर असावे. माझ्या वहीतली वाक्ये, नावे आणि गावे काढून टाकलेली, सुमारे चाळीस पाने आहेत आणि ज्यांना हे काम करायचे आहे त्यांना ती मी टंकलिखित करून द्यायला तयार आहे.

आपली,
पुण्यातील एक समुपदेशक